कुकरच्या शिट्ट्या कोणी मोजायच्या

गॅसच्या शेगडीला मोटर बसवायची, हे आमच्या चिरंजीवांच्या डोक्यात कधी शिरलं ते मला ठाऊक नाही, पण का शिरलं ते पक्कं ठाऊक आहे. मीच माझ्या तोंडाने सांगितलं. कुकरचा सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला, अर्धं वरण छताला लागलं, उरलेलं माझ्या नुकत्याच धुतलेल्या पडद्यांवर, आणि आमचे हे दारातल्या खुर्चीत बसून शांतपणे छताकडे बघतायत, असं सगळं मी फोनवर हसत हसत रंगवून सांगितलं. पलीकडून हसू आलं नाही. "आई, बाबा तिथेच होते?" एवढंच त्याने विचारलं. मी म्हटलं, अरे, शिट्टीत डाळीचं फोल अडकलं होतं, शिट्टी वाजलीच नाही. जी वाजलीच नाही ती माणूस मोजणार कशी? तो "बरं" म्हणाला. आमच्या घरात "बरं" म्हणजे विषय संपला असं नसतं. येत्या रविवारी काहीतरी खोकं येणार हे मी तेव्हाच ओळखलं.

आता ह्यांच्या शिट्ट्या मोजण्याबद्दल सांगायला हवं, नाहीतर म्हणाल, दोन माणसांच्या घरात हे काय नसतं खूळ.

हे आयुष्यभर सरकारी कचेरीत. मीही तशाच एका कचेरीत, काउंटरवर, लोकांना "पुढच्या खिडकीवर जा" सांगायला. पण घरी आल्यावर मी स्वयंपाकघरात आणि हे पेपरमध्ये. स्वयंपाकघराशी ह्यांचा संबंध पाण्याच्या माठापर्यंत. चहा कसा करतात ते विचाराल तर "तिला विचारा" म्हणतील. तीन वर्षांपूर्वी ह्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात आणि वाचा, दोन्ही एकदमच गेलं. समजायचं सगळं. पेपर वाचायचे, बातम्या बघून कपाळाला हात लावायचे, पण बोलायला गेले की शब्द घशातच घोटाळायचा, आणि मग मान फिरवून बसायचे. ज्या माणसाने जन्मभर मला "मुद्द्याचं बोल" म्हणून ऐकवलं, त्याच्या तोंडून मुद्दा सोडाच, "पाणी" हा शब्दही निघेना. मला आधी रडू आलं नाही, संताप आला. कोणाचा ते विचारू नका.

वाचा परत यावी म्हणून एक मुलगी घरी यायची, स्पीच थेरपिस्ट. हुशार पोर. तिने सांगितलं, "काकू, आकडे, वार, लहानपणची पाठांतरं, हे असं सवयीचं बोलणं बरेचदा आधी परत येतं. काकांना मोजायला लावा." झालं, मी मागेच लागले. जिन्याच्या पायऱ्या मोजा, चमचे मोजा, गोळ्या मोजा. हे ओठ घट्ट मिटून घ्यायचे. बालवाडीत बसवल्यासारखं वाटत असणार. डोळ्यांत इतका अपमान दिसायचा की मीच चमचे परत स्टँडला लावून टाकायचे.

आणि मग एके दिवशी मी ड्राय बाल्कनीत कपडे वाळत घालत होते. कुकर लावलेला. शिट्टी झाली, आणि माझ्या पाठीमागून कोणीतरी म्हणालं, "एक."

स्वच्छ. अडखळणं नाही, काही नाही. मी वळले नाही. वळले तर बिघडेल असं वाटलं. हातातल्या चादरीचं पाणी पायांवर ठिबकत होतं. दुसरी शिट्टी झाली. "दोन." तिसरी झाली. "तीन." आणि मग मी नुसतीच उभी आहे बघून हे चिडले, काठी आपटली आणि शेगडीकडे बोट दाखवलं. अगं बये, गॅस बंद कर! असं ते बोट म्हणत होतं. मी गॅस बंद केला आणि तिथेच ओट्याला टेकून मनसोक्त रडले.

त्या दिवसापासून जेवणाच्या टेबलाची एक खुर्ची स्वयंपाकघराच्या दारात गेली. सकाळी मी कुकर लावायचा आणि ह्यांनी मोजायचं. शिट्ट्या झाल्या की उठून डाव्या हाताने गॅस बंद करायचा. मी अंघोळीला जायचे, खाली भाजीला जायचे. हळूहळू "तीन"चं "तीन झाल्या" झालं. मग "बंद केला". मग एकदा वरणाचा घास घेऊन "मीठ कमी." चाळीस वर्षांच्या संसारात मिठावरून केलेली तक्रार मी पहिल्यांदाच इतक्या आनंदाने ऐकली. पाहुणे आले की हे गप्प, डॉक्टरांपुढे गप्प, फोनवर तर अगदीच गप्प. पण कुकर लागला की ह्यांची जीभ मोकळी व्हायची. त्या थेरपिस्ट मुलीनेही सांगितलं होतं, काही झालं तरी हे मोडू नका.

त्यात तो व्हॉल्व्ह उडाला, आणि रविवारी खोकी आली. एक नव्हे, तीन.

मुलगा हिंजवडीला सॉफ्टवेअरमध्ये आहे, राहतोही तिकडेच. धायरीला यायचं म्हणजे त्याचा अर्धा रविवार रस्त्यात जातो, तरी येतो बिचारा. आल्या आल्या पाणीसुद्धा न पिता त्याने कामाला सुरुवात केली. गॅसच्या बटणावर एक मोटर बसवली, ती आपोआप बटण फिरवते. ओट्यावर, माझ्या मिसळणाच्या डब्याशेजारी, एक गोल डबी ठेवली, ती ऐकते आणि बोलते. आणि फ्रिजवर कॅमेरा, तो बघतो आणि ते मुलाच्या मोबाईलवर दाखवतो. म्हणजे एकाने ऐकायचं, एकाने बघायचं, एकाने करायचं. मी म्हटलं, "जेवायला कोणी येणार आहे का ह्यातलं? तसं तांदूळ धुवायला बरं." तो हसला नाही. "आई, एकदा बघ तर खरं," म्हणाला.

डबी मराठी बोलते. तिचं मराठी आमच्या कचेरीतल्या परिपत्रकासारखं आहे. "पहिली शिट्टी झाली आहे. कृपया काळजी करू नका." अगं, मी कशाला काळजी करू? माझं वरण आहे ते, माझ्या शेगडीवरचं. पण आवाज गोड, मंजुळ. मला गोड बोलणाऱ्या बायकांचा आधीपासूनच संशय येतो, त्यात ही ओट्यावर येऊन बसलेली.

पहिल्याच आठवड्यात तिचं पितळ उघडं पडलं. आमच्या इमारतीत सगळ्यांचे कुकर साधारण एकाच वेळेला लागतात, आणि ड्राय बाल्कन्या एकावर एक. वरच्या ताईंच्या कुकरच्या दोन आणि आमची एक अशा तीन मोजून बाईसाहेबांनी आमचा गॅस बंद करून टाकला. डाळ दगडासारखी. घरातल्या माणसाला आपला कुकर कळतो, त्यात काही विद्वत्ता नाही, पण हिला कुठून कळणार? मी लगेच मुलाला फोन लावला. इतक्या उत्साहाने तर त्याच्या पगारवाढीच्या वेळीही मी बोलले नसेन. "तुझ्या डबीने वरच्यांची डाळ शिजवली आणि आमची कच्ची ठेवली," म्हटलं. मला वाटलं, आता उचलून नेईल.

नेलं कुठलं! "तिला आपली शिट्टी शिकवावी लागेल," म्हणाला. मग मी नुसतं पाणी घालून कुकर लावत बसले आणि हा मोबाईलवर काहीतरी दाबत बसला. आमचाच कुकर, आमचीच शिट्टी, आणि शिकवणी त्या डबीची. हे खुर्चीत बसून सगळं बघत होते. एकदाही मोजलं नाही त्यांनी. माझ्या ते लक्षात आलं, पण मुलगा बसलेला, तिकडून सुनेचा फोन आलेला, भाजी करपत आलेली, त्या गडबडीत ते तसंच राहून गेलं.

शिकवणीचा उपयोग झाला. त्यानंतर डबी चुकली नाही. खरं सांगू? मला बरं वाटलं. मी बँकेत जाऊन निवांत बसले, भाजीवालीशी दोन शब्द जास्त बोलले, पायऱ्या चढताना छातीत जे धडधडायचं ते धडधडलं नाही. इतकं सोपं होतं तर मी एवढी आदळआपट कशाला केली, असंही मनात आलं.

आणि मग घर शांत व्हायला लागलं.

झालं असं की डबी ह्यांच्यापेक्षा चटपटीत. ह्यांना शिट्टी ऐकल्यावर आकडा तोंडात आणायला दोन-चार क्षण लागतात. हे तोंड उघडायचे आणि तेवढ्यात ती म्हणायची, "पहिली शिट्टी झाली आहे." ह्यांचं तोंड अर्धवट उघडं राहायचं, मग मिटायचं. दुसऱ्या शिट्टीला उघडायचंच नाही. उठून शेगडीपाशी जावं तर मोटर आधीच "टक" करून मोकळी. चार दिवस हे तसेच बसले. पाचव्या दिवशी मी अंघोळ करून आले तर खुर्ची दारात नव्हती. एका हाताने, काठी सांभाळत, ढकलत ढकलत ती त्यांनी हॉलमध्ये नेली होती, आणि बंद टीव्हीसमोर बसले होते.

मी विचारलं, "अहो, काय झालं?" मान हलवली. काही नाही. थेरपिस्ट आली, तिने बोटं दाखवली, चित्रं दाखवली. हे खिडकीबाहेर बघत बसले. ती जाताना मला हळूच म्हणाली, "काकू, मागे चाललंय सगळं. घरात काही बदललं का?" काय सांगणार होते तिला? ओट्यावर पाहुणी आलीय म्हणून?

मुलाला सांगितलं, तर त्याच्याकडे त्यावरही उपाय तयार. "अगं, बाबांना तिच्याशीच बोलू दे ना. तिला कितीही वेळा विचारलं तरी कंटाळा येत नाही. उलट सराव होईल." म्हटलं, चला, तेही करून बघू. डबी उचलून ह्यांच्यासमोर टीपॉयवर ठेवली. "विचारा हिला, किती वाजले." ह्यांनी माझ्याकडे बघितलं, डबीकडे बघितलं. मग, माझ्यासाठी असेल, पण प्रयत्न केला. "कि... कित्..." तेवढ्यात ती म्हणाली, "माफ करा, मला समजलं नाही. कृपया पुन्हा सांगा." ह्यांनी पुन्हा सुरुवात केली. "किती... वा..." "माफ करा, मला समजलं नाही." तिसऱ्यांदा तर तिने काय ऐकलं देव जाणे, मोठ्या आवाजात कुठलं तरी लग्नातलं गाणं लावलं. ढोल काय, सनई काय! हे काठी घेऊन उठले आणि आत जाऊन पलंगावर भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. मी त्या डबीची वायर इतक्या जोरात उपटली की सॉकेट ढिलं झालं. ते अजून ढिलंच आहे.

तिला कंटाळा येत नाही, मान्य. पण तिला थांबता येत नाही. मला कंटाळा येतो, मी चिडते, मनातल्या मनात काय काय बोलते, पण मी थांबते. ह्यांचा शब्द बाहेर येईपर्यंत भाजी करपली तरी थांबते.

पुढच्या रविवारी मी मुलाला सरळ सांगितलं, "हे सगळं काढून ने."

तो जेवत होता. घास खाली ठेवला. "आणि काही झालं तर?"

"काय होणार आहे?"

"आई, तुला माहितीये काय होऊ शकतं. तू खाली गेलेली, बाबा एकटे, गॅस चालू. मी तिथून निघालो तरी तासाभरात पोचत नाही. रोज तुमच्या कुकरच्या वेळेला मी मीटिंगमध्ये असतो आणि माझा जीव इथे असतो. हे बसवल्यापासून पहिल्यांदा मी नीट श्वास घेतोय." कानाजवळ चार केस पांढरे झालेत त्याचे, ते मला त्या दिवशी दिसले.

मला चांगलं भांडता येतं, कचेरीतल्या साहेबांना विचारा, पण ह्यावर काय भांडणार? तो काही चुकीचं बोलत नव्हता. हे ताटाकडे बघत भात कालवत होते. आम्ही दोघं त्यांच्याबद्दल, त्यांच्यासमोर, ते तिथे नसल्यासारखं बोलत होतो. जेवण तसंच उरकलं. जाताना त्याला लोणच्याची बरणी दिली, तीही त्याने गुपचूप घेतली.

मग माझ्या जिवाला काही चैन पडेना. डबीची वायर लावली की वाटायचं, मी ह्या माणसाचं तोंड आपल्या हाताने शिवतेय. काढली की छताला लागलेलं वरण डोळ्यांसमोर यायचं. सकाळी लावायचे, दुपारी काढायचे. देवापुढे बसले तरी लक्ष ओट्याकडे. वरच्या ताई म्हणाल्या, "काकू, आजकाल तुम्ही फार चिडचिड करता." म्हटलं, "आजकाल नाही हो, आधीपासूनच." पण त्यांचं खरं होतं. विचारायचं कुणाला तर ह्यांना, आणि ते तर बोलतच नव्हते.

शेवटी एके सकाळी मी डाळ-तांदूळ कुकरला लावले, डबीची वायर काढली, आणि मोटरवरची बारकी कळ हाताने चालवायच्या खुणेवर सरकवली. हॉलमधली खुर्ची ओढत दारात आणली. ओढताना फरशीवर भयंकर आवाज झाला, तो मुद्दाम होऊ दिला.

"अहो, मी मेथी आणायला खाली जातेय," म्हटलं. "कुकर लावलाय. तीन. ती बाई आज सुट्टीवर आहे."

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी थांबले असते तर गेलेच नसते, म्हणून पिशवी घेतली आणि निघाले.

आमचा फ्लॅट पहिल्या मजल्यावर, आणि मेथीवाली ड्राय बाल्कनीच्या अगदी खालीच टोपली घेऊन बसते. इथल्याच जुन्या शेतकरी घरातली बाई. "काकू, कवळी हाय बघा, आजच उपटलीया," म्हणाली. मी जुडी हातात घेतली. कवळी आहे की जून, मला काही दिसत नव्हतं. माझे कान वर होते. शेजारच्या इमारतीत पाण्याचा टँकर मागे घेत होते, त्याचं ते पीप-पीप, ड्रायव्हरची आरडाओरड, आणि त्यात आमची पहिली शिट्टी. कान टवकारले. ह्यांचा आवाज आला नाही. टँकरमुळे येत नसेल. दुसरी शिट्टी. "काकू, किती देऊ?" मी बोट वर केलं. तिला वाटलं एक, तिने एक जुडी पिशवीत टाकली. तिसरी.

आता आवाज थांबायला हवा होता. कुकरची फुसफुस तशीच चालू होती. मी स्वतःला म्हटलं, उठायला वेळ लागतो त्यांना, जरा दम धर. टँकर बंद झाला. फुसफुस चालूच. आणि चौथी शिट्टी झाली.

पिशवी तिथेच टाकली. "अवं काकू, पैसं ऱ्हाऊ द्या, पन पिशवी..." असं काहीतरी ती ओरडत होती. माझे गुडघे जिना चढायचे राहिलेले नाहीत, तरी मी कठडा धरून चढले. वाटेत एकच विचार: मुलाचं ऐकायला हवं होतं. माझ्या हट्टापायी काही झालं तर मी त्याला तोंड कसं दाखवू? किल्ली कुलपात जाईना. दोन्ही हातांनी धरून ती घालावी लागली.

हे शेगडीसमोर उभे होते. काठी खाली पडलेली, कंबर ओट्याला टेकलेली, डावा हात गॅसच्या बटणावर. त्या मोटरमुळे बटण घट्ट झालं होतं, एका हाताने फिरत नव्हतं. कपाळावर घाम. मी त्यांच्या हातावर हात ठेवला आणि दोघांनी मिळून बटण फिरवलं. ज्योत विझली.

"चार," हे म्हणाले. चांगले वैतागून.

मी हसले की रडले ते मलाच कळलं नाही. एवढ्यात फ्रिजवरून आवाज आला, "आई! आई, मोटर का बंद आहे? चार झाल्या! बाबा तिथे का उभे आहेत? अरे, कोणीतरी बोला ना!" त्या कॅमेऱ्यातून बोलताही येतं हे मला तेव्हा कळलं. मुलाचा आवाज फाटला होता. मागे त्याच्या मीटिंगमधली माणसं इंग्रजीत बोलत होती.

माझी उत्तरं तयार होती. तुझ्या मोटरमुळेच झालं, हेही सांगणार होते. पण ह्यांनी डावा हात वर केला, थांब म्हणून. ओट्याला धरून सावकाश फ्रिजकडे वळले. मान वर केली. ओठ हलायला लागले, घशात तीच खटपट सुरू झाली. मी थांबले. आणि पलीकडे मुलगाही, देवाची कृपा, एक शब्द बोलला नाही.

"मी," हे म्हणाले. मग बराच वेळ काहीच नाही. मग, "मी आहे ना."

पलीकडची इंग्रजी बडबड एकदम बंद झाली, त्याने तिकडचा आवाज बंद केला असावा. त्याचा श्वास तेवढा ऐकू येत होता.

"हो, बाबा," तो म्हणाला.